बिनडोळी चिलटं

"मोठ्यानं वाचा ना," पुंजाजी म्हणाला. "इंग्रजीत हाये. मले अक्षरं वळखू येतात, मतलब लागत नाई."

हेडक्लार्क खुशालराव यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कागद हातात धरला. दोन ओळी मनातच वाचून ते थांबले.

"तुया निष्काळजीपणानं प्रयोगशाळेतल्या माश्यांच्या बाटल्या खराब झाल्या म्हणतात साहेब. सात दिवसांत खुलासा दे, नाईतर सर्व्हिस बुकात शेरा पडन. तवरोक प्रयोगशाळेत पाय ठेवाचा नाई. बगीच्यात काम कराचं."

"खराब म्हंजे कशा?"

"कंटॅमिनेशन लिवलं हाये." खुशालराव मराठी शब्द शोधू लागले आणि सापडल्यावर हसले. "म्हंजे बाटवल्या. तू बाटल्या बाटवल्या, असं म्हणून राह्यले साहेब."

शेजारच्या टेबलांवरचे दोघेही हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. शब्दाला शब्द जुळला, एवढंच. पुंजाजीने कागद परत घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि तो कचेरीतून बाहेर आला. पायऱ्या उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपली कानशिलं तापली आहेत. छप्पन साली तो नागपूरला जाऊन आला होता. येताना बाकीचं बरंच काही तिथे ठेवून आला, त्यात 'बाट' हा एक शब्दही होता. सात वर्षांनी तो इंग्रजीत टंकून त्याच्या हातात आला होता, वर कॉलेजचा शिक्का.

पुंजाजी तेलगोटे मूळचा अकोल्याकडचा. अमरावतीच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो बारा वर्षं चपराशी होता. बेडूक आणणं, बरण्या पुसणं, पोरांसाठी ट्रे मांडणं ही कामं कोणीही केली असती. चिलटांचं काम मात्र त्याचंच होतं. प्राध्यापक नानोटी यांनी बावन्न साली कलकत्त्याहून ती चिलटं आणली होती. सडक्या केळ्यावर घोंगावतात तीच, पण प्रत्येक बाटलीत एक खोड असलेली. एका बाटलीतल्यांचे डोळे पांढरे, एकीतल्यांचे पंख मुडपलेले, एकीतल्यांचं अंग पिवळं. सातव्या बाटलीतल्यांना डोळेच नव्हते. डोळ्याच्या जागी नुसतं सपाट कातडं. ही खोड रक्तातली, आईबापांकडून पोरांकडे जाणारी, असं नानोटीसरांनी त्याला एकदा सांगितलं होतं.

दर तीन आठवड्यांनी पुंजाजी मक्याचं पीठ, गूळ आणि खमीर शिजवून नव्या बाटल्यांत ओतायचा, जुन्यांतली चिलटं त्यांत सोडायचा आणि कापसाचा बोळा घट्ट बसवायचा. एका बाटलीचं तोंड उघडं असताना दुसरीला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. सातवी बाटली सगळ्यांत शेवटी, हात धुऊन. आंधळी बिचारी ओल्या पिठात पडून चिकटायची, नराला मादी सापडायची नाही. पहिल्या वर्षी दोनदा ती बाटली संपत आली होती. शंभरातली वीसपंचवीस तगायची.

पंचावन्न साली त्याला त्यांच्यात एक वेगळं दिसलं. डोळ्याच्या जागी सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका. पिठात पडून मेलेल्यांत तसली कमी होती, काचेवर चढून बसलेल्यांत जास्त. त्याने सरांना सांगितलं. सर वहीतून मान वर न करता "हं" म्हणाले. पुढच्या वर्षी ठिपके वाढले. मग मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे झाले. साठ सालापर्यंत सातव्या बाटलीतल्या बहुतेक सगळ्यांना बऱ्यापैकी डोळे होते, आणि बाटली भरलेली असायची. पुंजाजीने काहीच केलं नव्हतं. तो फक्त बाटल्या बदलत गेला होता.

नानोटीसर निवृत्त होऊन अकोल्याला गेले आणि परदेशात शिकून आलेले डॉ. हरकरे विभागप्रमुख म्हणून आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. सातवी पाहून ते उठले.

"हिच्यात बाहेरच्या माश्या शिरल्या आहेत."

"नाई साहेब. त्याच हायेत. त्याईले हळूहळू डोये आले."

हरकरे डेमॉन्स्ट्रेटर शालिकराम बोबड्यांकडे पाहून हसले. "डोळे आले म्हणतोय. औषधपाणी केलंस की काय?" मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "हे बघ, बिघडलेला गुण आपला आपण सुधारत नसतो. बोळा ढिला राहिला, गावातली माशी आत गेली. कबूल कर आणि मोकळा हो."

"बोळा माह्या हातचा हाये, साहेब. ढिला नाई राहात."

"मग काय मी खोटं बोलतो?"

शालिकराम तेव्हा तिथेच उभा होता. त्याने दोन वर्षं त्या बाटल्या पाहिल्या होत्या. तो खिडकीबाहेर बघत राहिला. हरकऱ्यांनी सातवा साठा उकळत्या पाण्यात टाकायला सांगितला, नोंदवहीत 'सर्व नष्ट केले' असं शालिकरामकडून लिहून घेतलं आणि खाली सही केली. चौथ्या दिवशी मेमो आला.

सातव्या साठ्याच्या तीन बाटल्या होत्या. पुंजाजीने दोन उकळत्या पाण्यात टाकल्या. तिसरी सदऱ्याखाली धरून घरी नेली. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच कॉलेजची वस्तू विचारल्याशिवाय उचलली होती, आणि त्याचा त्याला पस्तावा वाटत नव्हता. याचाच त्याला अधिक राग येत होता. चोर म्हणण्याआधीच त्यांनी त्याला चोर केलं होतं.

रविवारी तो बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला गेला. नानोटीसरांचं घर जुन्या शहरात होतं. मोर्णा नदीचा पूल ओलांडून तो गल्ल्यांतून विचारत विचारत पोचला. सर ओसरीवर गहू निवडत बसले होते. त्यांनी त्याला ओळखलं, आत हाक मारून चहा सांगितला. तोही ओसरीवरच बसला.

"दोन ओळी लिवून द्या, सर. का पुंजाजीनं बाटल्या नीट राखल्या."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते गव्हातले खडे वेचत राहिले.

"मी काय लिहून देऊ? सत्तावन्नपासून मी सातव्या बाटलीत डोकावलोसुद्धा नाही. परीक्षा, पेपर, बोर्डाच्या मीटिंगा. बाटलीत बघणारा तू एकटाच होतास."

"म्या तुमाले सांगतलं होतं. ठिपका आला म्हून."

"सांगितलं असशील."

"सांगतलं होतं. तुमी हं म्हणले."

सरांनी मान हलवली. नाकारलं नाही, पण कागदही मागवला नाही. पुंजाजीने चहाचा कप खाली ठेवला.

"एक गोष्ट विचारतो. त्या चिलटाईची खोड गेली नसंन, नुसती झाकली असंन, बाकीच्या आंगानं सांभाळून घेतलं असंन, त मंग ते पोटात असंनच ना? दर साली आपण पोराईच्या प्रॅक्टिकलले पांढऱ्या डोयाच्या नराले लाल डोयाच्या मादीशी लावतो. पयल्या पिढीत खोड दिसत नाई, नातवात निघते. तसं ह्याचंबी निघालं पायजे. बाहेरच्याशी लावलं त ते सांभाळून घेणारं पांगन, अन् नातवाईत कोणी ना कोणी बिनडोयाचं निघन."

सरांचा हात गव्हात तसाच राहिला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगन? बारा साल झाले, ट्रे मीच मांडतो."

"निघेल," सर हळू म्हणाले. "तू म्हणतोस तसं असेल, तर निघेल. प्रत्येक मादी वेगळी लाव. एकत्र नको."

हे सर कागदावर लिहून देऊ शकले असते. पुंजाजीने तसं पुन्हा विचारलं नाही. निघताना त्याने नमस्कार केला, तो बारा वर्षांच्या सवयीने. पुलावर येईपर्यंत त्याची पावलं इतकी जोरात पडत होती की समोरून येणारी बाई बाजूला झाली.

घरी त्याने भंगारवाल्याकडून औषधाच्या अकरा सारख्या बाटल्या आणल्या. सुंदराबाई जिनिंगमधून येऊन चुलीशी बसली होती. तिने बाटल्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"हे काय मांडून राह्यले अठी?"

"चिलटं पाळतो."

"घरात कमी हायेत म्हून?"

त्याने मेमो काढला आणि खुशालरावांनी सांगितलेलं सगळं, त्या शब्दासकट, तिला सांगितलं. सुंदराबाईने हातातली भाकर तव्यावर टाकली, उलटली, काढून ठेवली. मग उठून फळीवरचे डबे खाली घेतले आणि फळी पदराने पुसून रिकामी करून दिली.

"अठी ठेवा. धूर कमी लागते."

रोज पहाटे उठून तो कॉलेजातून आणलेल्या बाटलीतल्या, कोशांतून ताज्या निघालेल्या, अजून पांढुरक्या आणि नराला न भेटलेल्या माद्या भिंगातून वेचू लागला. त्याला अशा दहा हव्या होत्या. नर त्याने इतवाऱ्यातल्या फळबाजारातून आणले, सडक्या केळ्यांच्या ढिगावरून. दहा बाटल्यांत एकेक मादी आणि बाजारचा एकेक नर. अकराव्या बाटलीत दोन्ही बाजारचेच. दिवसभर बगीच्यात मेंदी छाटायची, संध्याकाळी बाटल्यांपुढे बसायचं. खुलाशाचे सात दिवस संपले तेव्हा त्याने शालिकरामकडून इंग्रजीत एक ओळ लिहून घेतली: मला दीड महिन्याची मुदत द्यावी. शालिकरामने लिहून दिली, पण "मी लिवली असं सांगू नका, पुंजाजीभाऊ," असंही म्हणाला.

पहिल्या पिढीत सगळ्यांना डोळे होते. पुंजाजीला ते ठाऊकच होतं, तरी त्याला दोन रात्री झोप आली नाही. त्या भावंडांना त्याने नव्या पिठात सोडलं. नोव्हेंबर लागला होता. एका सकाळी तो अंगणात दात घासत असताना आतून सुंदराबाईचा आवाज आला.

"अवो. ह्याले डोये नाईत."

ती चौथी बाटली उजेडाला धरून उभी होती. काचेवर एक चिलट चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. पुंजाजीने भिंग लावलं. डोळ्याच्या जागी सपाट कातडं, बावन्न साली होतं तसंच. त्याच बाटलीत आणखी चार होती.

"मंग खरं निघालं ना तुमचं," सुंदराबाई म्हणाली. "बसा. हासा तरी."

तो बसला, पण त्याला हसू आलं नाही. आपलं खरं आहे हे त्याला आधीही माहीत होतं. आपलं खरं आहे हे दाखवायला माणसाला स्वयंपाकघरात अकरा बाटल्या मांडाव्या लागतात, हे मात्र त्या सकाळी कळलं. आणि हरकऱ्यांना काय लागलं होतं? एक नजर आणि एक सही.

आठवड्याने तो अकराही बाटल्या टोपलीत घालून प्रयोगशाळेत गेला. हरकरे टेबलाशी होते, शालिकराम ट्रे लावत होता.

"तुला इथे यायला मनाई आहे."

"खुलासा आणला, साहेब. सात दिवसाईत द्याचा होता, उशीर झाला. त्याईले पिकाले येळ लागते."

त्याने बाटल्या ओळीने मांडल्या आणि काय केलं ते सांगितलं. ऐकता ऐकता हरकऱ्यांचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी शालिकरामला माश्या गुंगवायला ईथर आणायला सांगितलं.

"मोजा."

शालिकरामने एकेक बाटली पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर पालथी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने मोजू लागला. पहिल्या बाटलीत एकशे चौदातली एकोणीस बिनडोळी किंवा जेमतेम ठिपक्याची. दुसरीत बावीस. सगळ्यांत कमी निघाली ती आठवीत, अकरा. दहाव्या बाटलीपर्यंत एकही बाटली रिकामी गेली नाही. शालिकरामचा आवाज आधी बारीक होता, तो हळूहळू मोठा होत गेला.

"ही खोड बाजारच्या माश्यांतही असू शकते," हरकरे म्हणाले.

"अकरावी पाहा. ते निरे बाजारचे."

शालिकरामने अकरावी मोजली. एकशे एकतीस. "सगळ्यांना डोळे आहेत, सर," तो म्हणाला. "बिनडोळी एकही नाही." आणि त्याने पहिल्यांदाच हरकऱ्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

हरकरे स्वतः सूक्ष्मदर्शकाशी बसले. अर्धा तास बसले. उठले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. पुंजाजी समोर आहे याचा त्यांना विसर पडला होता.

"दोष तसाच आहे. दोनशे पिढ्या तसाच राहिलाय, आणि बाकीच्या गुणांनी त्याच्याभोवती जमवून घेतलं. बोबडे, हे लिहायला हवं. ह्या बाटल्या कपाटात ठेवा. आणि मूळची बाटली कुठे आहे?"

"घरी," पुंजाजी म्हणाला.

"घेऊन ये आजच. कॉलेजची मालमत्ता तू घरी नेलीस, त्याचं काय करायचं ते मी नंतर पाहीन."

"अन् तो कागद, साहेब?"

"कोणता?"

पुंजाजीने मेमो काढून टेबलावर ठेवला. घड्यांवर तो फाटत आला होता.

"तो ऑफिसचा विषय आहे. बघू सावकाश."

"आता पाहा."

शालिकरामचा ब्रश थांबला. पुंजाजीचा आवाज चढला नव्हता. त्याने टोपली पुढे ओढली आणि एकेक बाटली परत आत ठेवू लागला.

"हे काय करतोस?"

"माह्या बाटल्या हायेत. भंगारातून आणल्या. चिलटं माह्या घरची."

"माश्या कॉलेजच्या आहेत."

"कॉलेजची त तुमी नष्ट केली. वहीत लिवलं हाये. खाली तुमचीच सही." त्याने पाचवी बाटली ठेवली. "अकरा साल म्या त्या बाटलीले धुतल्या हाताबिगर शिवलो नाई. तिच्यात बाहेरचं काईच गेलं नाई. जे आलं ते तिच्यातूनच आलं. तुमाले ते पाहाचंच नव्हतं. तुमी आधी माह्या हाताकडं पायलं, मंग बाटलीकडं."

हरकऱ्यांचा चेहरा लाल झाला. सहावी बाटली टोपलीत गेली, सातवी गेली. मग हरकऱ्यांनी पेन काढलं आणि मेमोच्या कडेला इंग्रजीत दोन शब्द लिहिले.

"मराठीत लिवा," पुंजाजी म्हणाला. "मले सोताले वाचता आलं पायजे."

हरकऱ्यांनी लिहिलं, दात आवळून: 'बाटल्यांमध्ये कोणतीही भेसळ झालेली नव्हती. मेमो रद्द.' खाली सही, तारीख. पुंजाजीने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. खुशालरावांकडे जाऊन तिची नोंद सर्व्हिस बुकात करून घेतली, ती होईस्तोवर टेबलाशी उभा राहिला, आणि मग घरून मूळची बाटली आणून दिली.

प्रयोगशाळेत मात्र त्याला परत घेतलं नाही. साहेबांशी सौदा करणारा माणूस मला इथे नको, असं हरकऱ्यांनी प्राचार्यांना सांगितलं आणि बगीच्यातलं काम कायम झालं. फेब्रुवारीत शालिकराम एक छापील कागद घेऊन मेंदीच्या कुंपणाशी आला. इंग्रजी होता. वर दोन नावं, हरकरे आणि बोबडे.

"याच्यात माह्यं नाव कोठी हाये?" पुंजाजीने विचारलं.

शालिकराम खाली बघत म्हणाला, "नाई हाये. मी म्हटलं होतं त्याईले. शेवटी आभारात तरी. ते म्हणले, चपराशाचं नाव छापत नसतात."

पुंजाजीने कागद त्याच्या हातात परत दिला आणि कात्री उचलली. त्या दिवशी मेंदी गरजेपेक्षा खोल छाटली गेली.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला. सुट्टीतलं कॉलेज ओस होतं. सकाळी अकराच्या सुमाराला शालिकराम डोक्याला रुमाल बांधून बगीच्यात आला. त्याच्या हातात एक बाटली होती. पीठ सुकून काचेपासून सुटलं होतं आणि बोळ्याखाली काळा कचरा साचला होता.

"सगळ्या बाटल्या बसल्या, पुंजाजीभाऊ, चिलटं मेली. सातही साठे. ही शेवटची होती," तो म्हणाला. "उन्हाळ्यात तुमी काय करत होते? साहेबांनी विचारलं नाई, मीच विचारून राह्यलो."

"वाळूत रांजण पुरून त्यात ठेवत होतो. वरून ओलं पोतं. दिवसातून चारदा पाणी." पुंजाजीने नळीचं पाणी आळ्यात सोडलं. "एप्रिलात विचारलं असतं त सांगतलं असतं."

पुंजाजीने शालिकरामच्या हातून बाटली घेतली आणि उन्हात धरून तिरकी केली. काचेवर काहीच हललं नाही. त्याने बोळा काढला, आतलं सगळं गुलाबाच्या आळ्यात झटकलं आणि नळापाशी बसला.

"राहू द्या, आमी धुऊ," शालिकराम म्हणाला.

पुंजाजीने बाटली दिली नाही. मूठभर राख आणि काथ्या घेऊन तो ती आतून घासू लागला, बोट पोचेल तिथपर्यंत बोटाने, पुढे काडीला चिंधी गुंडाळून. तीनदा पाणी बदललं. मग ती उजेडाकडे धरून पाहिली, बुडाशी राहिलेला एक डाग पुन्हा घासून काढला, आणि बाटली कट्ट्यावर पालथी घालून तो पुढच्या आळ्याकडे नळी ओढत गेला.